महापालिका शाळेचे निर्णय कोण घेते?

प्रश्न : आमच्या महापालिका शाळेत दोन वर्ग एकत्र केले, पण कारण कुणीच सांगत नाही. पालकांना याबाबत काही विचारता येते का?
– एक पालक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : अवश्य विचारता येते, आणि विचारायलाच हवे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार अशा शाळेत व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक असून तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. मात्र शाळेसाठीची आर्थिक तरतूद महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होते, त्यामुळे समितीच्या ठरावाची प्रत शिक्षण विभागाकडे पोहोचवणे अत्यंत गरजेचे आहे.

प्रथम मुख्याध्यापकांकडे बैठकीचे इतिवृत्त लेखी मागा. ते न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करा. त्याला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. समितीत पालक प्रतिनिधी कोण आहेत, हेच अनेक पालकांना ठाऊक नसते, ही मला सर्वांत चिंतेची बाब वाटते. त्यांची नावे आधी विचारून घ्या.