आंब्याच्या वेबसाइटसाठी वर्षाला २४ हजार द्यावेत का?

देवगडजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरच्या कलमांचा हापूस त्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवतात. वेबसाइट सांभाळायला एक जण वर्षाला २४,००० रुपये मागतोय. भाचा म्हणतो, फायली क्लाउडच्या बकेटमध्ये, म्हणजे अॅमेझॉन-गूगलसारख्यांकडे इंटरनेटवर भाड्याने मिळणाऱ्या जागेत ठेवू, आपलं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तिकडे वळवू, फुकटात होईल.

ताई, भाच्याचं ऐका. फक्त ‘फुकटात’ हा शब्द खोडा.

तुमच्या साइटवर भाव, फोटो आणि व्हॉट्सअॅप नंबर एवढंच आहे. ऑर्डर फोनवर येते, पैसे यूपीआयने. याला चोवीस तास चालणारा सर्व्हर लागत नाही, फायली ठेवायला जागा पुरते, आणि ती महिन्याला जीबीमागे दोन-अडीच रुपयांत मिळते. शिवाय तुमचा धंदा मार्च ते मे. बकेटचं बिल वापराप्रमाणे येतं. पॅकेजचे पैसे भर पावसाळ्यातही तेवढेच.

खरा खर्च कुलपाचा, म्हणजे साइटशी सुरक्षित जोडणीचा आहे. डोमेनची सीनेम नोंद (एक पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे नेणारी नोंद) थेट बकेटकडे वळवली, तर अॅमेझॉन काय किंवा गूगल काय, तुमच्या नावावर एचटीटीपीएस, म्हणजे ती सुरक्षित जोडणी, मिळत नाही. ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो आणि आगाऊ पैसे पाठवणारं गिऱ्हाईक तिथेच थबकतं. गूगलकडे त्यासाठी लोड बॅलन्सर (साइटवर येणारी वर्दळ पुढे पोचवणारी सेवा) घ्यावा लागतो, महिन्याला साधारण १८ डॉलरचा. वर्षाचे १८-१९ हजार झाले, बचत संपली. अॅमेझॉनच्या एसथ्री बकेटपुढे क्लाउडफ्रंट ही त्यांचीच फायली पोचवणारी सेवा लावली तर एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राला पैसे पडत नाहीत. भाच्याला हाच रस्ता धरायला सांगा.

साइट मी फोनवर उघडून पाहिली. पेंढ्यात मांडलेल्या पेटीचा पहिलाच फोटो ६ एमबीचा! असे १२ फोटो, म्हणजे एका भेटीला ७२ एमबी. मोसमात ३,००० जणांनी पाहिलं तर २१६ जीबी डेटा, आणि मोफत मर्यादेपलीकडे तो जीबीमागे दहाएक रुपयांना पडू शकतो. फोटो २०० केबीचे करा, सगळं मिळून ७ जीबीत भागेल. बिल ५०० रुपयांवर गेलं की ईमेल येईल अशी सूचनाही लावा. ती सूचना बिल थांबवत नाही, नुसतं कळवते.

डोमेन मात्र तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. माझ्याकडे येणाऱ्या एका होमस्टेवाल्यांचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर होतं. त्याने फोन उचलणं बंद केलं, मुदत संपली, गाड्यांवर आणि कार्डांवर छापलेला पत्ता गेला. आणि बकेट कधी बंद केलीत, तर डोमेनची नोंद आधी काढा. नाहीतर त्याच नावाची बकेट दुसरा कोणी उघडेल आणि तुमच्या पत्त्यावर परका आंबा देवगड म्हणून विकेल.

डोमेन, बकेट, जीएसटी धरून वर्षाला ३,००० पुरेत. भाच्याला कामाचे ६,००० द्या, घरचा म्हणून फुकट राबवू नका. सगळे पासवर्ड आणि पायऱ्या वहीत लिहून घ्या, तो उद्या नोकरीला बाहेर जाईल. उरले १५,०००. मोहोराच्या फवारणीची औषधं दरवर्षी उधारीवर आणता, असं तुम्ही लिहिलंय. हे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि यंदा डिसेंबरात दुकानदाराला रोख द्या.