कोलेस्टेरॉलवर संशोधन करायचंय, पण मी डॉक्टर नाही. कुणाकडं बघावं?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात घरची भातशेती आहे, बेळगावात मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, आणि कोलेस्टेरॉलच्या संशोधनात डॉक्टर नसलेल्याला कोण विचारतं, अशी शंका आहे. मी बेळगावात हाच विषय शिकवत आलोय. माझं उत्तर एका नावात मावतं : अकिरा एंडो. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' औषधांचा पाया घालणारे जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे.

१९३३ साली उत्तर जपानमधल्या अकिता भागात, शेतकऱ्याच्या घरी जन्म. लहानपणापासून अळंबी-बुरशीचा नाद. १९५७ साली सांक्यो या औषध कंपनीत लागले आणि काम काय मिळालं, तर फळांचा रस नितळ करणारं एन्झाइम बुरशीतून शोधायचं! कोलेस्टेरॉलशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण ढिगानं बुरश्या वाढवायच्या आणि एकेकीचा अर्क तपासायचा, हा हात तिथंच बसला.

कोलेस्टेरॉल शरीरात कसं घडतं, याचा माग काढल्याबद्दल ब्लॉख आणि लिनेन यांना १९६४ साली नोबेल मिळालं होतं. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. ते शरीर स्वतः करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा, तीसेक टप्प्यांत. वेग ठरवणारा टप्पा एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमचा. एंडोंचा तर्क असा, की एखादी बुरशी शत्रू सूक्ष्मजीवांना मारायला हेच एन्झाइम अडवत असेल. १९७१पासून त्यांच्या छोट्या गटानं बुरश्यांचे वगैरे सहा हजारांच्या आसपास वाण तपासले. आधी हाती लागलेलं सिट्रिनिन हे द्रव्य मूत्रपिंडाला घातक म्हणून सोडावं लागलं. १९७३ साली हे एन्झाइम अडवणारं काँपॅक्टिन, म्हणजे पहिलं स्टॅटिन, मिळालं, ते पेनिसिलियम सिट्रिनममधून. ही बुरशी क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडलेली. (पावसाळ्यात तुमच्या घरच्या तांदळावरही तिचे भाऊबंद निघतील. तो तांदूळ मात्र खाऊ नका. सिट्रिनिन हीसुद्धा करते.)

माझ्या मते खरी कसोटी इथून पुढं लागली. उंदरांना औषध दिलं, कोलेस्टेरॉल उतरेचना. अशा वेळी बहुतेक ठिकाणी फाइल बंद होते. कंपनीतच एक सहकारी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर काम करत होते. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही असणार, म्हणून एंडोंनी त्यांना गाठलं. कोंबड्यांत ते जवळजवळ निम्म्यावर आलं. उंदरांत का नाही आलं? औषध पोटात गेलं की त्यांचं यकृत तेच एन्झाइम कितीतरी पट वाढवतं. शिवाय त्यांच्या रक्तात एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) मुळातच कमी.

पुढचं थोडक्यात. १९७८च्या अखेरीस एंडो कंपनी सोडून विद्यापीठात गेले, १९८०मध्ये सांक्योनं काँपॅक्टिनवरचं काम थांबवलं, आणि १९८७ साली अमेरिकेत परवानगी मिळालेलं पहिलं स्टॅटिन मर्क या अमेरिकन कंपनीचं लोव्हास्टॅटिन ठरलं. एंडोंना २००८चा लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल नाही. जून २०२४मध्ये ते गेले. लोक तुम्हाला ब्राउन आणि गोल्डस्टीन वाचायला सांगतील. एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे रक्तातलं एलडीएल पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचं, त्यांचं काम अफाट आहे, १९८५चं नोबेल उगीच नाही. पण ते दोघं डॉक्टर. तुमच्या हातात आज पेट्री डिश आहे.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, मग सीएसआयआर-नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती. बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांची संस्था आहे, एनआयटीएम; प्रकल्पासाठी तिथं विचारून बघा. कुणालाही मेल करताना 'मला कोलेस्टेरॉलमध्ये रस आहे' एवढ्यावर थांबू नका. कुठलं एन्झाइम, कुठल्या पेशीत किंवा प्राण्यात, आणि तोच प्राणी का, हे तीन-चार ओळींत लिहा. गुणपत्रिका खाली जोडली तरी चालते.