दारूची पहिली बाटली घेताना

पहिल्याच खेपेला साडेसातशे मिलीची बाटली उचलू नकोस. 180 मिलीची क्वार्टर घे, चव पटली तरच मोठी. रमपासून सुरुवात केलीस तर उत्तम. कमी पैशांत इतकी भरदार चव व्हिस्कीत सापडत नाही.

जून 2025 मध्ये राज्य सरकारने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क वाढवलं, पण बिअर आणि वाईनला त्यातून वगळलं. त्यामुळे माझ्या मते आज मुंबईकराच्या पैशाचं खरं चीज होतं ते नाशिकच्या वाईनमध्ये. शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन घे, चांगली गार कर आणि रव्यात तळलेल्या बोंबलांसोबत पिऊन बघ. तिचा फळांचा आंबटपणा तळणीचा तेलकटपणा कापतो, प्रत्येक घास नवा वाटतो. (मला ती सुरमईपेक्षा बोंबलांबरोबरच आवडते.) उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेव, दोन-तीन दिवसांत संपव. बंद बाटलीसुद्धा ओट्याजवळ नको, आपल्या उकाड्यात वाईन बिघडते.

बिअरच्या बाटलीवरची तारीख वाच, ताजी असेल तीच घे.

आणि दारू पिण्याचा परवाना काढ. कडक मद्यासाठी आपल्याकडे वयाची अट 25 आहे.