गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई विचारलं की 'बरंय' म्हणते, पण रात्रभर झोपत नाही. इंजेक्शन मागून घ्यावं का? त्याची सवय लागेल का?

मागा, जरूर मागा. मी ऑर्थो वॉर्डात स्टाफ नर्स आहे. डोळे टक्क उघडे, चादर मुठीत आवळलेली, आणि विचारलं तर "बरंय हो सिस्टर, एवढं तर होणारच", असे पेशंट रोज बघते. आयांमध्ये तर हे फारच.

आधी एक विचारून घ्या: आईच्या केसपेपरवर दुखण्याचं औषध ठरलेल्या वेळी लिहिलंय की 'एसओएस'? एसओएस म्हणजे लागलं तर. आई मागत नसेल, तर तिला ते मिळणारच नाही. रात्री झोप लागत नाही हे राउंडला डॉक्टरांना सांगा, ते वेळा बांधून देऊ शकतात.

"दुखणं दहापैकी किती?" हे आम्ही दुसऱ्या पेशंटशी तुलना करायला विचारत नाही. मघाचा सात औषधानंतर चारवर आला का, ते बघायचं असतं. इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या तासाने, गोळीनंतर तासाभराने परत विचारतो. आकडा जमत नसेल तर 'थोडं, बरंच, सहन होत नाही' हेही चालतं. मात्र पडल्यापडल्या दोन सांगणारी बाई गुडघा वाकवला की आठवर जाते. तो हलतानाचा आकडा सांगा. फिजिओथेरपिस्ट कधी येणार ते विचारून त्याआधी गोळी देता येईल का बघा. दुखण्यापायी व्यायाम टाळला तर गुडघा आखडतो.

दुखणं कसलं, तेही सांगा. ठणका सुजेचा असू शकतो, त्याला बर्फाने आराम पडतो. आग होते, करंट बसल्यासारखं वाटतं, तर औषध वेगळं लागू शकतं. पोटरी दुखून सुजली तर लगेच बोलवा, रक्ताची गुठळी असू शकते.

सवयीचं म्हणाल, तर डॉक्टरांनी दिलेल्या डोसात थोडे दिवस ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन ही दुखण्यावरची जोरदार औषधं घेऊन सवय लागण्याची शक्यता कमी. मला जास्त काळजी बद्धकोष्ठतेची आणि गुंगीची वाटते. हाक मारूनही नीट जागी होत नसेल, श्वास फार संथ वाटत असेल, तर बेल दाबा, थांबू नका. आणि पर्समधली पॅरासिटामॉल आपल्या मनाने देऊ नका. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर ती चालत नाही, वय झालेल्यांना, वजन कमी असलेल्यांना त्याहूनही कमी. सलाईनमधून तीच चालू असेल तर तुम्हाला कळणारही नाही.