कॅलेडियमची सगळी पानं डिसेंबरात वाळली, झाड मेलं का?

नाही, कंद बहुधा जिवंत आहे; कॅलेडियम हे रंगीत पानांचं शोभेचं झाड थंडीत सुप्तावस्थेत जातं आणि उकाडा वाढला की पुन्हा फुटतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे झाड ओल्या-कोरड्या ऋतूंच्या चक्रावर जगतं. आता पाणी पूर्ण बंद करा, कुंडी कोरड्या जागी ठेवा. याच काळात लोक काळजीपोटी रोज पाणी घालतात आणि चांगला कंद कुजवतात. मे महिन्यात कंद उकरून दाबून पाहा. टणक असेल तर माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेऊन ४-५ सेंमी खोल, डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) वर ठेवून लावा. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर हवी. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या उन्हात पातळ पानं करपतात. कंद पिळपिळीत लागला, वास आला, तर मात्र तो गेलाच. शेजारच्या कुंडीत ती माती वापरू नका.