राजकारण असलेली वैज्ञानिक प्रेमकादंबरी वाचताना नावांतच अडकायला होतं, काय करावं?

पहिली ४०-५० पानं नावं पाठ करू नका. पुस्तकात एक कागद ठेवून तीनच गोष्टी टिपा: कोण, कुणाच्या गोटातला, त्याला काय हवंय. तिसरा रकाना खोडावा लागला, की समजा कट तिथेच शिजतोय. दरबारी प्रकरणं गाळून थेट प्रेमाकडे गेलात तर शेवट हमखास फुसका वाटतो, कारण दोघांमधली भिंत म्हणजे बहुतेकदा दरबारात ठरलेला तहच असतो. गोष्ट दोन ग्रहांवर घडत असेल तर निरोप पोचायला लागणारा वेळही बघा. मंगळाहून पृथ्वीवर यायला प्रकाशालासुद्धा अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात; तेवढ्यात गैरसमजही मावतो, गद्दारीही. विज्ञानाची सवयच नसेल तर नाशकात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे आधी जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा शोधा.