क्लाइम्ब म्हणजे नक्की काय, आणि त्याच्या जागी राइज, असेंड, माउंट चालतात का?

तुम्ही विचारलंय की क्लाइम्बचा अर्थ नुसता ‘चढणे’ असाच घ्यायचा का, समानार्थी शब्द कोणते आणि ‘क्लाइम्ब डाऊन’ हे कसं काय बरोबर. चढणे हा अर्थ बरोबरच आहे, डिक्शनरीत पहिला तोच मिळेल. पण समानार्थी म्हणून जे शब्द दिलेले असतात ते एकाऐवजी दुसरा असे बिनधास्त वापरता येत नाहीत, तिथेच मार्क जातात. मी कुडाळला आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि ह्या एका क्रियापदावर मी दरवर्षी अख्खा तास देते, मुलांना वाटतं बाई एवढ्याशा शब्दाला काय धरून बसल्यात, पण तो तास वाया गेलाय असं मला कधीच वाटलं नाही.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते कारण सगळी गंमत त्यातच आहे. एकदा फळ्यावर मी क्लाइम्ब डाऊन लिहिलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, चढून खाली कसं येणार? मी उदाहरण शोधतेय तोवर एक मुलगा उभा राहिला, त्याचे वडील माडावर चढून नारळ पाडायचे. तो म्हणाला, बाई, उतरताना पण तेच करायला लागतं, माडाला दोन्ही हातांनी मिठी मारायची, पायातली दोरी खोडाला दाबून धरायची, मग आधी पाय खाली घ्यायचे मग हात, आणि बाबा सांगतात उतरतानाच जास्त जपायचं. हाताने करून पण दाखवलं त्याने. क्लाइम्बचा अर्थ इतका नीट मला सुद्धा सांगता आला नसता. म्हणजे ह्या शब्दात दोन गोष्टी आहेत, एक वर जाणं आणि दुसरी हातापायांनी धरून धरून, जोर लावून सरकणं. माडावरून उतरताना वर जाणं नाही, पण धरून सरकणं आहेच, म्हणून क्लाइम्ब डाऊन चालतं. शिडीवरून, झाडावरून, कड्यावरून सांभाळून उतरलात तर बिनधास्त लिहा.

आता उलटं बघा. बोरघाटात गाडी चढते, चढ ३७ला १ आहे म्हणून कर्जतला मागे जादा इंजिनं जोडतात, हे पुण्याला जाताना बघितलं असेलच. गाडीला कुठे हातपाय आहेत, तरी इंग्रजीत द ट्रेन क्लाइम्ब्ड द घाट हे एकदम बरोबर, कारण वर जाणं आहे. पण तीच गाडी लोणावळ्याहून कर्जतला उतरली तर क्लाइम्ब्ड डाऊन म्हटलेलं कानाला खटकतं, कारण आता वर जाणंही नाही आणि धरणंही नाही, तिथे केम डाऊन म्हणायचं. सापाचं पण तेच, झाडावर चढला तर क्लाइम्ब्ड, उतरला तर नाही. रे जॅकेन्डॉफ म्हणून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८५ मध्ये ह्या एका क्रियापदाच्या वागण्यावर आख्खा लेख लिहिलाय, म्हणजे तुमची शंका काही साधीसुधी नाहीये. आणि शब्दाचं मूळ शोधणारे लोक क्लाइम्बचं नातं ‘चिकटून राहणे’ अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूशी जोडतात, ते वाचल्यापासून मला पोफळीला मुळांनी घट्ट धरून वर जाणारी मिरवेल आठवते. इंग्रजीत अशा वेलीला क्लाइम्बरच म्हणतात, जमिनीवर पसरत जाते ती क्रीपर.

आता जिथे मुलं हमखास चुकतात ते. आपलं ‘चढणे’ सगळीकडे चालतं, ताप चढतो, नशा चढते, राग चढतो, रंग चढतो, देवाला हार चढवतो, पण इंग्रजीत ह्यातल्या कशालाच क्लाइम्ब नाही. मला ताप चढला ह्याचं फीव्हर क्लाइम्ब्ड ऑन मी असं भाषांतर मी पेपरात खरंच वाचलंय. तिथे माय टेंपरेचर वेंट अप म्हणा. बसमध्ये चढलो म्हणजे गॉट ऑन द बस, पण उंच ट्रकमध्ये किंवा जीपमध्ये दांडा धरून वर चढलात तर क्लाइम्ब्ड इंटू चालेल, बघा, परत धरणं आलंच. आणि आपण कपडे चढवतो तसं इंग्रजीतही एखादा घाईत ओव्हरऑलमध्ये क्लाइम्ब इंटू करतो, हा योगायोग मला फार आवडतो.

राइज आणि क्लाइम्ब मधला फरक सूर्यावरून लक्षात ठेवा. सूर्य उगवतो तो राइज. मग कासराभर दिवस वर येतो, ऊन चढत जातं, ते क्लाइम्ब. राइजला कर्म लागत नाही, राइज द हिल असं होत नाही, क्लाइम्ब द हिल होतं. (राइज आणि रेझ मध्ये गोंधळ करू नका, रेझ म्हणजे दुसरं काहीतरी वर करणं, हात वर करणं वगैरे.) जिना रोजच्यासारखा चढलात तर गो अप पुरे, पण गुडघे दुखतायत आणि कठडा धरून एकेक पायरी चढताय तर क्लाइम्ब लिहा, वाचणाऱ्याला ती दमछाक कळते.

असेंड हा भारदस्त शब्द, आपल्या आरोहणासारखा, लॅटिनमधून आलेला, आणि त्यातल्या मूळ लॅटिन क्रियापदाचं नातं संस्कृतातल्या स्कन्द् म्हणजे उडी मारणे ह्या धातूशी आहे. राजा सिंहासनावर बसतो तिथे असेंड द थ्रोन, क्लाइम्ब म्हटलंत तर पोरगं खुर्चीवर चढल्यासारखं होईल. घोड्यावर मांड टाकणं म्हणजे माउंट. स्केल म्हणजे उभा कडा किंवा तट सर करणं, लॅटिनमध्ये शिडीला जो शब्द होता त्यावरून आलेला, म्हणून १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले तिथे स्केल इतका चपखल दुसरा शब्द नाही. क्लॅम्बर आणि स्क्रॅम्बल म्हणजे धडपडत, हातापायांवर, कसंबसं चढणं.

भावांचं मात्र मराठीनेच सोपं केलंय. हळूहळू भाव चढले तर क्लाइम्ब, साधं वाढले तर राइज, एकदम कडाडले तर शूट अप, आणि गगनाला भिडले तर सोअर, घारीसारखे उंच गेले म्हणून. आणि बातमीत एखादं सरकार क्लाइम्ब डाऊन झालं असं वाचलंत तर त्याचा अर्थ माघार घेतली, नमतं घेतलं.

उच्चाराचं तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते, कारण इथे मी सुद्धा स्पेलिंग कळावं म्हणून क्लाइम्ब असं लिहिलंय. शेवटचा बी म्हणायचा नाही, क्लाइम एवढंच. जुन्या इंग्रजीत तो म्हटला जायचा, नंतर बोलण्यातून गळला आणि स्पेलिंगमध्ये राहिला, लॅम्ब आणि कोम्बचंही तेच झालं, म्हणायचं लॅम आणि कोम. भूतकाळ क्लाइम्ड, शिवाय क्लाइमिंग, क्लाइमर, ह्यातल्या कशातच ब ऐकू येत नाही.